पन्नास टक्के सूट, पण कशावर?

सणासुदीच्या तोंडावर हुबळीचा कोप्पीकर रोड असो नाहीतर धारवाडचा सुभाष रोड, चष्म्याच्या दुकानांवर पाट्या झळकायला लागतात. लेन्सवर ५० टक्के सूट, एकावर एक मोफत, फ्रेम फुकट. चाळिशी लागलेला माणूस आत शिरतो, डोळे तपासून घेतो आणि काउंटरवर बसला की त्याच्यापुढे दराचा तक्ता येतो. त्यात दोन-अडीच हजारांपासून चाळीस हजारांपर्यंतच्या लेन्स असतात आणि सगळ्यांचं नाव एकच : प्रोग्रेसिव्ह. स्वस्तातली घेतली तर चक्कर येईल, अशी भीती एकीकडून घातली जाते. महागातली घेतली तर घरचे म्हणतात, तुला गंडवलं. शेवटी बहुतेक जण मधल्या दराची लेन्स उचलतात, आणि तीच का घेतली हे त्यांना सांगता येत नाही.

इतकं अंदाजपंचे घेण्याची गरज नाही. सवलतीतली प्रोग्रेसिव्ह लेन्स अनेकांना उत्तम चालते आणि काहींना अजिबात चालत नाही. कोणाला चालेल, हे तीन गोष्टींवरून आधीच बऱ्यापैकी ओळखता येतं : तुमचा जवळचा नंबर किती आहे, दिवसभराचं काम कसलं आहे आणि दुकानात माप कसं घेतलं जातं. पाटीवरचे टक्के त्यानंतर बघायचे.

आधी गरज ठरवा

चाळिशीच्या आसपास डोळ्यातलं नैसर्गिक भिंग ताठर होत जातं, जवळचं पाहताना त्याला पूर्वीसारखं फुगता येत नाही आणि पेपर हातभर लांब धरावा लागतो. ज्याला आयुष्यात चष्मा लागला नाही, त्यालाही हे चुकत नाही. त्यावर प्रोग्रेसिव्ह, म्हणजे लांबपासून जवळपर्यंतचे नंबर एकाच काचेत असलेली लेन्स, हा एक उपाय आहे, पण तो एकमेव नाही.

लांबचं स्वच्छ दिसत असेल आणि वाचन म्हणजे पेपर, बिलं आणि मोबाइल एवढंच असेल, तर वाचायचा साधा चष्मा पुरतो. त्याला कमी लेखू नका. आसामच्या चहामळ्यांत चाळिशी ओलांडलेल्या कामगारांवर झालेला एक अभ्यास २०१८मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. जवळचा साधा चष्मा मिळालेल्यांच्या रोजच्या खुडणीतली वाढ, चष्मा न मिळालेल्यांच्या वाढीपेक्षा सुमारे २२ टक्के अंकांनी जास्त भरली. एवढं काम साध्या चष्म्याने केलं.

संगणकाशी फारसा संबंध नसेल, तर वर लांबचा आणि खाली जवळचा नंबर असलेली बायफोकल आजही भक्कम पर्याय आहे. तिच्यात जवळचा भाग ऐसपैस असतो, किंमत कमी असते आणि सवय लवकर होते. उणीव अशी की हाताच्या टप्प्याच्या थोडं पलीकडचं, म्हणजे संगणकाचा पडदा किंवा गाडीचा मीटर, धड कुठल्याच भागातून स्पष्ट दिसत नाही. शिवाय मधली रेघ दिसते आणि ती काहींना नको असते.

लांब, मधल्या आणि जवळच्या अशा तिन्ही अंतरांवर ज्याला नजर सतत फिरवावी लागते, त्याला प्रोग्रेसिव्हचा खरा उपयोग. हायकोर्टाच्या धारवाड पीठात वकील हातातला कागद वाचतो आणि लगेच मान वर करून न्यायमूर्तींकडे पाहतो. बँकेतल्या माणसाला पासबुक, पडदा आणि काउंटरपलीकडचा ग्राहक, सगळं एकाच मिनिटात पाहायचं असतं. विद्यापीठातल्या प्राध्यापकांना टिपणं आणि शेवटचा बाक दोन्ही हवेत. अशांना दर वेळी चष्मा काढघाल करणं परवडत नाही.

उलट बाजूही आहे. सराफ, शिंपी, घड्याळ दुरुस्त करणारे यांना जवळचा भाग रुंद लागतो आणि तासन्‌तास एकाच अंतरावर लागतो. त्यांनी कामासाठी जवळचा वेगळा चष्मा ठेवावा. औषधांच्या दुकानात वरच्या फळीवरच्या खोक्यावरची बारीक अक्षरं वाचायची, तर प्रोग्रेसिव्ह तिथे उपयोगी पडत नाही. तिच्यात जवळचा नंबर खालच्या बाजूला असतो; मान वर केली की फळीसमोर लांबचाच नंबर येतो. किराणा दुकानदार, ग्रंथपाल, वायरमन यांची अडचण हीच. दिवसाचे आठ तास संगणकासमोर जात असतील, तर पडदा आणि टेबल एवढ्याच अंतरासाठी बनवलेली ‘ऑफिस लेन्स’ मिळते. ती घालून गाडी मात्र चालवायची नाही.

पैसा नेमका कशाचा?

पहिली यशस्वी प्रोग्रेसिव्ह लेन्स फ्रान्समध्ये बर्नार मेतनाझ यांनी तयार केली आणि १९५९मध्ये ‘व्हॅरिलक्स’ या नावाने ती बाजारात आली. तेव्हापासून मूळ कल्पना तीच आहे. वरच्या भागात लांबचा नंबर, खालच्या भागात जवळचा आणि दोघांच्या मध्ये नंबर हळूहळू वाढत जाणारा पट्टा. दोन मोकळ्या चौकांना जोडणारा अरुंद बोळ असावा तसा हा पट्टा असतो. बोळातून नजर गेली तर सगळं स्पष्ट. डावी-उजवीकडे सरकली की धूसर.

बोळ किती अरुंद, याला गणिती नियम आहे. जर्मन गणितज्ञ मिंक्विट्झ यांनी तो १९६३मध्ये मांडला : खाली उतरताना नंबर ज्या वेगाने वाढतो, त्याच्या दुप्पट वेगाने बाजूची धूसरता वाढते. आकड्यांत पाहू. तुमच्या कागदावर ‘अ‍ॅड’ या रकान्यात जवळचा जादा नंबर लिहिलेला असतो. तो +१.०० असेल आणि पट्टा १४ मिलिमीटर लांब असेल, तर मध्ये स्पष्ट दिसणारी रुंदी सुमारे ७ मिलिमीटर मिळते. अ‍ॅड +२.०० झाला की तीच रुंदी साडेतीन मिलिमीटर होते आणि +२.५० झाला की तीनच्याही खाली येते. फ्रेम बुटकी असल्यामुळे पट्टा १० मिलिमीटरचा करावा लागला, तर +२.००ला अवघे अडीच मिलिमीटर उरतात. हा हिशेब मधल्या पट्ट्याचा आहे. वरचा आणि खालचा भाग याहून रुंद असतात आणि प्रत्यक्ष डिझाइनप्रमाणे आकडे थोडे मागेपुढे होतात, पण कल इकडचा तिकडे होत नाही.

चाळीस हजारांची लेन्सही या नियमातून सुटत नाही. बाजूची धूसरता पूर्ण काढून टाकली, असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. महाग डिझाइन धूसरता कुठे ठेवायची ते अधिक हुशारीने ठरवतं. कोणी ती कडेला पातळ पसरवतं, कोणी लांबचा भाग मोकळा ठेवतं, कोणी तुमच्या नंबरचा आणि फ्रेमच्या कलाचा हिशेब धरून प्रत्येक बिंदू वेगळा घासतं.

घासण्याच्या दोन पद्धती आहेत. जुन्या पद्धतीत नंबर वाढत जाणारा पृष्ठभाग साच्यातून तयार येतो आणि दुकानदाराच्या ऑर्डरप्रमाणे मागची बाजू घासली जाते. फ्रीफॉर्म किंवा ‘डिजिटल’ पद्धतीत संगणकाच्या आज्ञेवर हिऱ्याचं हत्यार पृष्ठभाग बिंदूबिंदूने कापतं. दुसरी पद्धत निश्चितच लवचीक आहे. पण यंत्र नवं असलं म्हणून आराखडा नवा असतोच असं नाही. जुना आराखडाही फ्रीफॉर्म यंत्रावर कापता येतो. ‘एचडी’, ‘डिजिटल’, ‘प्रीमियम’ हे शब्द पाकिटावर दिसले म्हणून जादा पैसे मोजू नका.

आणखी एक गोष्ट ग्राहकाच्या बाजूची आहे. पेटंट वीस वर्षांनी संपतं. एकेकाळी महागात विकले गेलेले आराखडे त्यानंतर कोणालाही वापरता येतात. म्हणून चांगल्या प्रयोगशाळेतून आलेली आजची साधी लेन्स पुष्कळदा वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या नामांकित लेन्सच्या तोडीची असते, आणि त्या लेन्स घालून लोकांनी सुखाने दिवस काढलेच होते.

स्वस्त कोणाला चालेल, कोणी हात सैल सोडावा

साधारणपणे चाळिशीच्या पहिल्या चार-पाच वर्षांत अ‍ॅड +१.०० ते +१.५०च्या आत असतो, पन्नाशीला +२.००च्या आसपास पोचतो आणि साठीला +२.२५ ते +२.५०वर थांबतो. पंचेचाळिशीतल्या माणसाच्या कागदावर +२.५० लिहिलं असेल, तर पुन्हा तपासून घ्या. गरजेपेक्षा जास्त अ‍ॅड दिला की मोबाइलवरची अक्षरं दुकानात ठळक वाटतात, पण बोळ फुकट अरुंद होतो आणि संगणक पाहताना मान अवघडते.

तुमचा अ‍ॅड +१.५०पर्यंत असेल, सिलिंडर नंबर किरकोळ असेल आणि ही पहिलीच प्रोग्रेसिव्ह असेल, तर बिनधास्त साध्या किंवा मधल्या दराची लेन्स घ्या. रुंदी मुळातच पुरेशी मिळते. शिवाय या वयात अ‍ॅड दर दोन-तीन वर्षांनी वाढत जातो, त्यामुळे पहिलीच लेन्स दहा वर्षं पुरेल या हिशेबाने घेण्यात अर्थ नाही. समजा नऊ हजारांची लेन्स दोन वर्षं वापरली, तर दिवसाला बारा रुपये पडले. तीस हजारांची तेवढीच टिकली, तर एकेचाळीस. हा फरक तुम्हाला रोज दिसणार आहे का, हे स्वतःलाच विचारा.

अ‍ॅड +२.००च्या वर असेल, सिलिंडर दोनच्या पुढे असेल, दोन डोळ्यांच्या नंबरांत मोठी तफावत असेल किंवा आधीच्या प्रोग्रेसिव्हने त्रास दिला असेल, तर चांगल्या डिझाइनवर खर्च करणं वाजवी आहे. इथे एकेक मिलिमीटर मोलाचा असतो. पण त्यातही अट एक : लेन्स ‘पर्सनलाइझ्ड’ म्हणून विकत असतील, तर फ्रेमचा कल, चेहऱ्याभोवतीची वक्रता आणि डोळ्यापासून काचेचं अंतर ही मापं समोर बसवून घेतली गेली पाहिजेत. मापंच घेतली नाहीत, तर कारखान्यात सरासरी आकडे भरले जातात आणि वैयक्तिक लेन्सचे पैसे वाया जातात.

सत्तरीच्या आसपासच्या आई-वडिलांना पहिल्यांदाच प्रोग्रेसिव्ह घेऊन देण्याचा बेत असेल, तर जरा थांबा. बायफोकल आणि प्रोग्रेसिव्ह दोन्हींत खालच्या भागात जवळचा नंबर असतो, त्यामुळे पायरी धूसर दिसते आणि अंतराचा अंदाज चुकतो. ऑस्ट्रेलियात झालेल्या आणि २०१०मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेल्या एका चाचणीत, बाहेर हिंडणाऱ्या ज्येष्ठांनी घराबाहेर लांबचा साधा चष्मा वापरल्यावर त्यांचं पडणं कमी झालं. जे क्वचितच बाहेर पडत, त्यांना मात्र हा बदल मानवला नाही. उणकल तळ्यावर रोज फेरी मारणाऱ्या आजोबांना फिरायला लांबचा साधा चष्मा आणि घरी वाचायला दुसरा, ही जोडी सवलतीतल्या प्रोग्रेसिव्हपेक्षा स्वस्तही पडेल आणि सुरक्षितही.

सूट मोजायची कशी

पन्नास टक्के म्हणजे कशाचे, हा पहिला प्रश्न. छापील दर कंपनीने किंवा दुकानाने ठरवलेला असतो. समजा एकीकडे बारा हजारांची लेन्स सहा हजारांना मिळते आणि दुसरीकडे सूट न देता सात हजारांना. पहिली साच्यातल्या जुन्या आराखड्याची, साध्या कोटिंगची आणि दुसरी नामांकित कंपनीच्या चांगल्या आराखड्याची, कोटिंगच्या वर्षभराच्या हमीसकट असेल, तर पहिल्यात हजार रुपये वाचले असं म्हणता येणार नाही. त्या दोन वेगळ्या वस्तू आहेत.

म्हणून दर विचारताना चार गोष्टी कागदावर लिहून मागा : लेन्स बनवणारी कंपनी, डिझाइनचं पूर्ण नाव, मटेरियलचा इंडेक्स आणि कोटिंगचं नाव. नुसतं ‘झाइस’, ‘एसिलॉर’ किंवा ‘कोडॅक’ एवढ्यावर थांबू नका. एकाच कंपनीच्या प्रोग्रेसिव्हमध्ये पाच-सहा पायऱ्या असतात आणि तळाच्या व शिखराच्या पायरीत किंमत कित्येक पटींनी बदलते. या चार ओळी घेऊन दुसऱ्या दुकानात जा. टायटन आय प्लस, लेन्सकार्ट यांच्यासारखी साखळी दुकानं स्वतःच्या नावाने लेन्स विकतात. तिथे डिझाइन साच्यातलं की फ्रीफॉर्म आणि सवय झाली नाही तर बदलून देण्याची मुदत किती, हे विचारा. चारही ओळी जुळल्या तरच दोन दरांची तुलना खरी.

‘एकावर एक मोफत’मध्ये दुसरा चष्मा तुम्हाला हवा आहे का, ते पाहा. दोन सारख्या प्रोग्रेसिव्ह घेण्यापेक्षा दुसरी जोडी नुसत्या जवळच्या नंबरची किंवा उन्हासाठी रंगीत मिळत असेल, तर जास्त उपयोगाची. फुकट फ्रेमच्या बाबतीत उंची तपासा. बाहुलीच्या मध्यापासून फ्रेमच्या खालच्या कडेपर्यंत साधारण १८ मिलिमीटर जागा हवी. आखूड पट्ट्याची लेन्स १४वर भागवते, पण त्याची किंमत बोळाच्या रुंदीत मोजावी लागते. नाकावरच्या गाद्या हलवता येणारी फ्रेम असेल तर फार बरं, कारण पुढे एखाद-दोन मिलिमीटरची दुरुस्ती तिथेच होते.

पातळ लेन्स म्हणजे चांगली लेन्स, हाही एक गैरसमज. इंडेक्स १.५० असो की १.६७, त्याने मुख्यतः जाडी आणि वजन बदलतं. बोळ रुंद होत नाही. नंबर तीनच्या आत असेल, तर १.५० किंवा १.५६ पुरतो. जास्त इंडेक्सच्या काचेत कडेच्या अक्षरांना रंगाची किनार दिसण्याची शक्यता वाढते. दुचाकीवर फिरणाऱ्यांनी आणि कारखान्यात काम करणाऱ्यांनी पॉलिकार्बोनेट मागावी. ती सहज फुटत नाही.

अँटी-ग्लेअर कोटिंगवर मात्र काटकसर नको. कोटिंग नसलेल्या साध्या प्लॅस्टिक लेन्सवरून सुमारे ८ टक्के प्रकाश परावर्तित होतो, १.६७च्या लेन्सवरून सुमारे १२ टक्के. रात्री हुबळीहून धारवाडला येताना समोरच्या गाड्यांचे दिवे डोळ्यांत चमकतात, त्यात याचा मोठा वाटा असतो. निळा प्रकाश अडवणाऱ्या ‘ब्लू कट’साठी जादा पैसे द्यायची गरज नाही. २०२३च्या कोक्रेन आढाव्यात १७ चाचण्या तपासल्या गेल्या आणि संगणकाने डोळ्यांवर येणारा ताण या लेन्सने कमी होतो, असं काही आढळलं नाही. उन्हात काळ्या होणाऱ्या फोटोक्रोमिक लेन्सचंही एक माहीत असू द्या : मोटारीची पुढची काच अतिनील किरणं अडवते, त्यामुळे गाडीत बसल्यावर त्या फारशा काळ्या होत नाहीत.

दराबाबत शेवटचं. नंबरच्या चष्म्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. बिलात तो किती लावला, यावर एक नजर टाका. ही कपात सरकारची आहे; दुकानाची सूट तिच्याव्यतिरिक्त असायला हवी.

माप : इथे लेन्स जिंकते किंवा हरते

सगळ्या खटाटोपात जास्तीत जास्त चष्मे बिघडतात ते मापात. साधी लेन्स दोन मिलिमीटर इकडेतिकडे बसली, तरी हलका नंबर असलेल्याला बहुधा कळत नाही. प्रोग्रेसिव्हमध्ये बोळच साडेतीन मिलिमीटरचा असेल, तर दोन मिलिमीटरच्या चुकीने नजर थेट भिंतीवर आदळते. लेन्स कितीही भारी असली तरी त्याला इलाज नाही.

योग्य माप असं घेतात. आधी फ्रेम तुमच्या नाका-कानांवर नीट बसवली जाते. गाद्या, काड्या वाकवून. मग माप घेणारा तुमच्या डोळ्यांच्या पातळीवर समोर बसतो. नाकाच्या मध्यापासून प्रत्येक बाहुलीचं अंतर वेगवेगळं मोजतो, कारण चेहरे क्वचितच सममित असतात. डावीकडे ३१ आणि उजवीकडे ३२.५ असं सर्रास येतं. दोन्हींची बेरीज ६३.५ करून तिचे दोन सारखे भाग पाडले, तर प्रत्येक डोळ्याला पाऊण मिलिमीटरची चूक तिथेच शिरली. त्यानंतर तुम्ही नैसर्गिक बसलेले असताना फ्रेमच्या नमुना काचेवर बारीक पेनाने बाहुलीसमोर खूण केली जाते आणि खुणेपासून खालच्या कडेपर्यंतची उंची मोजली जाते. काही दुकानांत हे काम कॅमेऱ्याच्या यंत्रावर होतं. पट्टीवर असो की यंत्रावर, दोन्ही डोळ्यांची अंतरं आणि दोन्ही उंची, असे चार आकडे तुमच्यासमोर लिहिले गेले पाहिजेत.

माप घेणारा उभा आणि तुम्ही खुर्चीत, दोन्ही डोळ्यांचं मिळून एकच अंतर, उंची ‘अंदाजे सतरा’, असं झालं तर उठून या. मोबाइलवरच्या सेल्फीतून अंतराचं माप ठीक येऊ शकतं, पण उंचीसाठी निवडलेली फ्रेम प्रत्यक्ष चेहऱ्यावर असावी लागते. म्हणून प्रोग्रेसिव्ह ऑनलाइन मागवायची असेल, तरी माप दुकानात जाऊनच द्या.

नंबर तपासण्याबद्दलही सांगायला हवं. दुकानातली मोफत तपासणी नंबर काढून देते. डोळ्याचं आरोग्य तपासत नाही. काचबिंदू सुरुवातीला काहीच लक्षण दाखवत नाही. चाळिशीनंतर डोळ्यातला दाब आणि पडदा नेत्रतज्ज्ञांकडून तपासून घ्या; हुबळीत एम. एम. जोशी नेत्रसंस्था आणि किम्स नावाने ओळखलं जाणारं सरकारी रुग्णालय, सत्तूरला एसडीएम रुग्णालय, अशा सोयी या जुळ्या शहरांत हाताशी आहेत. मधुमेह असेल तर साखर स्थिर झाल्यावरच नंबर काढा, कारण ती वरखाली झाली की नंबरही हलतो. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली असेल, तर डॉक्टर सांगतील तेवढे आठवडे थांबूनच कायमचा चष्मा करा.

ताब्यात घेताना

नव्या चष्म्याच्या लेन्सवर शाईच्या खुणा असतात : बाहुलीसमोर येणारं फुलीचं चिन्ह, वर लांबच्या नंबरचं वर्तुळ, खाली जवळचं. त्या पुसण्याआधी चष्मा घालून दाखवा असं सांगा. आरशात पाहा; फुली दोन्ही बाहुल्यांच्या बरोबर समोर आहे का? हे अर्ध्या मिनिटाचं काम आहे आणि सगळ्यांत मोलाचं आहे.

शाई पुसल्यावरही एक खूण कायम राहते. चष्मा ट्यूबलाइटकडे धरून हळूहळू तिरका करा, हवं तर काचेवर फुंकर घालून वाफ आणा. प्रत्येक काचेत एकमेकांपासून ३४ मिलिमीटरवर दोन पुसट कोरीव खुणा दिसतील. कानाकडच्या खुणेखाली अ‍ॅडचा आकडा असतो, +२.००साठी ‘२०’ किंवा तसाच काही. नाकाकडच्या खुणेखाली कंपनीचं किंवा डिझाइनचं चिन्ह असतं. अ‍ॅड तुमच्या कागदाशी आणि चिन्ह लेन्सच्या कार्डाशी जुळवून पाहा. जुळलं नाही, किंवा चिन्हच सापडलं नाही, तर पैसे देण्याआधी विचारा. त्याच खुणांवरून दुकानदाराला फुली पुन्हा आखता येते, त्यामुळे महिन्याने तक्रार घेऊन गेलात तरी लेन्स नीट बसली आहे की नाही हे तपासता येतं.

पहिले पंधरा दिवस

सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात. सकाळी उठल्यापासून घाला आणि मध्येच जुनी बायफोकल चढवू नका. बाजूचं पाहायचं तर डोळे न फिरवता नाक तिकडे वळवा. वाचताना मान न वाकवता नजर खाली न्या. जिना उतरताना उलटं करा : हनुवटी खाली घेऊन वरच्या भागातून पायरी पाहा. पूर्ण विश्वास येईपर्यंत दुचाकी बाजूला ठेवून चिगरी बसने जा.

पंधरा दिवसांनंतरही त्रास राहिला, तर तो कसला आहे हे ओळखा. दुकानात ‘चक्कर येते’ एवढंच सांगितलं की ‘सवय होईल’ एवढंच उत्तर मिळतं. लांबचं पाहायला हनुवटी खाली घ्यावी लागत असेल, तर लेन्स वर बसली आहे. वाचायला मान मागे टाकावी लागत असेल, तर ती खाली बसली आहे. वाचताना कागद एका बाजूला सरकवावा लागत असेल, तर बाहुलीचं अंतर चुकलं आहे. हे तिन्ही दोष बसवण्याचे आहेत. यातले काही गाद्या हलवूनच सुटतात, उरलेल्यांसाठी लेन्स नवी करून मिळायला हवी. मधल्या रेषेतूनही लांबचं धूसर दिसत असेल, तर नंबर पुन्हा तपासा. हे सगळं ठीक असून फक्त बाजू डुलत असेल, तेव्हाच डिझाइनला दोष द्या आणि वरच्या पायरीची लेन्स विचारा.

काळजीही किमतीचाच भाग आहे. हुबळीच्या धुळीत कोरडा चष्मा शर्टाच्या टोकाने पुसणं म्हणजे कोटिंगवर चरे पाडणं. आधी नळाखाली धुवा, मग मऊ कापडाने टिपा. उन्हात उभ्या मोटारीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. उष्णतेने कोटिंगला भेगा पडतात.

बिल आणि हक्क

बिलावर त्या चार ओळी, चार मापं आणि बदलून देण्याची अट छापलेली किंवा लिहिलेली हवी : सवय झाली नाही तर किती दिवसांत, तीच लेन्स बदलून की दुसऱ्या प्रकारची, आणि फरकाची रक्कम कोण भरणार. ‘सेलमधला माल परत घेतला जाणार नाही’ असा शिक्का असेल, तर आधीच विचारा की मापाची चूक दुकानाची निघाली तर काय. तोंडी आश्वासन फार दिवस टिकत नाही.

वस्तू किंवा सेवा सदोष निघाली आणि दुकान ऐकत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५वर फोन करा. पुष्कळ तक्रारी तिथेच मिटतात. नाही मिटली, तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९नुसार धारवाडच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येतं. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, आणि खरेदी दुसऱ्या गावाहून किंवा ऑनलाइन केली असली तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते.

थोडक्यात, पैसे मर्यादित असतील तर ते या क्रमाने खर्च करा : नेत्रतज्ज्ञांची तपासणी, पुरेशा उंचीची नीट बसणारी फ्रेम, चोख माप आणि लेखी बदलीची हमी, चांगलं अँटी-ग्लेअर, आणि सगळ्यांत शेवटी डिझाइनची वरची पायरी. सहा हजारांची नीट मापून बसवलेली लेन्स तीस हजारांच्या चुकीच्या बसवलेल्या लेन्सपेक्षा केव्हाही सरस. पुढच्या वेळी पाटी पाहून दुकानात शिराल, तेव्हा सूट किती हे विचारण्याआधी माप कोण घेणार आणि कसं, हे विचारा. नीट उत्तर मिळालं तर सवलत जरूर घ्या; नाही मिळालं तर पुढचं दुकान गाठा.